पिशवीतलं बाळंतपण : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की माझ्या स्वयंपाकघरात खुंटीला एक कापडी पिशवी टांगलेली असते आणि तिच्यात कांगारूचं पिलू झोपलेलं असतं. त्या एका वाक्यावर ढीगभर पत्रं आली. सगळ्यांना या पानावर उत्तर देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतले आहेत.

मागचा अंक ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. मी मिरजेला नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात १९ वर्षं परिचारिका होते. आता ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या पूर्वेला, ब्रेडवुड गावाच्या वाटेवर राहते. इथल्या वन्यजीव संस्थेचं प्रशिक्षण आणि रीतसर परवानगी घेऊन अनाथ पिलं वाढवते. आमच्या भागात पूर्वेकडचा करडा कांगारू असतो, त्यामुळे हाताळलेली पिलं त्याचीच. लाल कांगारू आत, कोरड्या मुलखात राहतो.

परभणीहून आठवीतला एक विद्यार्थी विचारतो : मावशी, कांगारूचं पिलू पोटातून आतल्या आत पिशवीत जातं का? आणि नराला पिशवी असते का?

नराला पिशवी नसते. आणि पोटातून पिशवीत जायला आतून वाटही नसते. पिशवी म्हणजे पोटाच्या कातडीची बाहेरून झालेली घडी, वरच्या बाजूला तोंड असलेली. तुझ्या पुस्तकात तिला शिशुधानी म्हटलं असेल.

पिलू जन्मतं ते इतर प्राण्यांसारखंच, शेपटीखालच्या वाटेने. फरक एवढाच की ते फार लवकर जन्मतं. लाल कांगारूत ३३ दिवसांनी, आमच्या करड्यात साधारण ३६ दिवसांनी. वजन १ ग्रॅमसुद्धा भरत नाही, लांबी दोनेक सेंटिमीटर. भुईमुगाचा एक दाणा तळहातावर ठेवून बघ, तेवढंच. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पण पुढचे दोन हात मात्र तयार असतात, त्यांना नखंही असतात. त्या वेळी आई शेपूट पुढे, दोन पायांमधून काढून मागे रेलून बसते आणि तेवढं पिलू तिच्या केसांना धरून, एकेक हात पुढे टाकत, वीतभर चढण स्वतः चढून पिशवीत शिरतं. तीन ते पाच मिनिटांत. आई त्याला उचलत नाही, तोंडात धरत नाही. पूर्वी लोकांना वाटायचं की ती जिभेने चाटून त्याला वाट करून देते. ती चाटते ते स्वतःला स्वच्छ करण्यासाठी. पिलू वाट शोधतं वासाने.

मी ६८० ग्रॅमचं माणसाचं बाळ ओंजळीत घेतलेलं आहे आणि त्याहून नाजूक जीव जगू शकेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं. इथे आल्यावर त्या चढणीचं चित्रण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ते तीन वेळा लावलं.

इस्लामपूरजवळचे एक दूध उत्पादक लिहितात : कांगारूला चार सड असतात असं वाचलं. आमच्या गाईच्या चारही सडांतून एकच दूध येतं. एक पिलू असताना तिला चार सडांचं काम काय?

दादा, तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण या प्राण्याची सगळ्यात नवलाची गोष्ट तुम्ही बरोबर पकडलीत.

पिशवीत शिरलेलं पिलू चारांपैकी एक सड तोंडात घेतं. तो सड त्याच्या तोंडात फुगतो आणि पिलू तिथे अडकून बसतं. पुढचे काही महिने ते सोडतच नाही. या काळातलं दूध पातळ असतं, त्यात साखरेचा अंश जास्त आणि स्निग्धांश कमी. पिलू मोठं होतं तसं त्याच सडातलं दूध बदलत जातं. शेवटी शेवटी ते इतकं दाट आणि स्निग्ध होतं की बोटाला चिकटावं.

आता समजा मोठं पिलू पिशवीबाहेर पडलंय, पण अजून पितंय, आणि आत नवा एक ग्रॅमचा जीव आला. तर आई एकाच वेळी दोन दुधं देते. एका सडातून मोठ्याचं दाट, दुसऱ्यातून धाकट्याचं पातळ. रक्त एकच, त्यातली संप्रेरकं तीच, चाराही एकच. तरी प्रत्येक कास आपापला हिशेब ठेवते. आणि मोठं पिलू बाहेरून डोकं पिशवीत घालून आपलाच सड धरतं, तो लांब, ओढलेला. धाकट्याच्या वाटेला जात नाही.

टामर वॉलबी नावाचा कांगारूचा एक लहान भाऊबंद आहे. शास्त्रज्ञांनी त्याचं कोवळं पिलू काढून, ज्या मादीचं दूध पुढच्या टप्प्यावर पोचलं होतं तिच्या सडाला लावून पाहिलं. पिलू लवकर वाढलं. म्हणजे कधी किती वाढायचं हे बऱ्याच अंशी दूध ठरवतं. आमच्याकडे पिलांना द्यायच्या दुधाच्या भुकट्यासुद्धा म्हणूनच टप्प्याटप्प्याच्या मिळतात, डब्यावर आकडे असतात. पिलाच्या पायाची लांबी मोजायची, तक्त्यात वय बघायचं आणि मग डबा निवडायचा. मिरजेला आम्ही बाळाचं वजन दोन वेळा करायचो. इथे मी वजनाबरोबर पाऊल आणि शेपूटही मोजते.

आणि एक सांगते, कारण तुमच्या घरी गाई आहेत. गाईचं दूध या पिलांना चालत नाही. त्यातली साखर त्यांना पचत नाही. जुलाब होतात, आणि डोळ्यांत मोतीबिंदू होतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पिलू आलं, ज्याला एका घरात प्रेमाने तीन दिवस गाईचं दूध पाजलं होतं. त्या घरातली मुलगी पिलू हातात देताना रडत होती. मी तिला काही बोलले नाही, तिने उबेला धरलं होतं ते बरोबरच होतं. पिलू चौथ्या रात्री गेलं. अंगातलं पाणीच संपलं होतं.

रत्नागिरीच्या निवृत्त शिक्षिका विचारतात : कांगारू एका वेळी तीन लेकरं सांभाळते असं ऐकलं. हे खरं आहे का?

बाई, लाल कांगारूच्या बाबतीत अगदी खरं आहे. एक पायाशी, एक पिशवीत, एक पोटात.

व्यायल्यावर एकदोन दिवसांतच ती पुन्हा माजावर येते आणि गर्भ राहतो. पण पिशवीतलं पिलू सड ओढत असतं, आणि त्या ओढण्यामुळे आईच्या शरीरात जी संप्रेरकं तयार होतात ती पोटातल्या गर्भाला थांबवून ठेवतात. तो साधारण शंभर पेशींचा गोळा होऊन तसाच पडून राहतो. मरत नाही, वाढतही नाही. पिशवीतल्याचं पिणं कमी झालं की हा जागा होतो, महिनाभरात जन्माला येतो. आठ महिन्यांचं पिलू पिशवी कायमची सोडतं, आणि एकदोन दिवसांत पाळणा पुन्हा भरतो.

वाळवंटी मुलखात याला मोल आहे. दुष्काळ पडला, आईचं दूध आटलं, तर पिशवीतलं पिलू जातं. पण पोटातला जीव लगेच वाढायला लागतो. पाऊस आलाच तर तो तयार असतो. दुष्काळ फारच लांबला तर मादी माजावर यायचंच थांबते.

सगळ्या कांगारूंचं असं नसतं. पश्चिमेकडच्या करड्यात हा प्रकार नाही, आमच्या पूर्वेकडच्या करड्यात क्वचित. टामर वॉलबीचं तर याहून वेगळं: तिचा थांबलेला गर्भ इथल्या सगळ्यात मोठ्या दिवसाची, म्हणजे २२ डिसेंबरच्या सुमाराची वाट बघतो. दिवस लहान व्हायला लागले की तो हलतो, आणि बहुतेक पिलं जानेवारीच्या शेवटाला जन्मतात. तुम्ही भूगोल शिकवलात असं लिहिलंय. संक्रमणाची तिथी गर्भाशयात कळते, हे वर्गात सांगायला तुम्हाला नक्की आवडलं असतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या एक आशाताई लिहितात : आम्ही कमी वजनाच्या बाळांच्या आयांना ‘कांगारू मदर केअर’ शिकवतो. आया विचारतात, कांगारूचंच नाव का? आणि सासवा म्हणतात, बाळ उघडं छातीला बांधून गारठेल. काय सांगू?

ताई, तुमच्या पत्राला मी रात्री दोनदा वाचलं. हे काम मी मिरजेला केलंय, त्यामुळे सासूबाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आहे.

ही पद्धत दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांनी सुरू केली. काचपेट्या कमी, बाळं जास्त, एका पेटीत दोन-तीन बाळं आणि त्यातून जंतुसंसर्ग. तेव्हा आईच्याच छातीवर, कातडीला कातडी लावून, उभं बाळ ठेवलं आणि आईचं दूध दिलं. कांगारूचं नाव यासाठी की तिचंही बाळ अपुऱ्या दिवसांचं बाहेर येतं आणि उरलेले दिवस आईच्या कातडीला चिकटून भरून काढतं.

सासूबाईंना सांगा, बाळ उघडं नसतं. डोक्याला टोपरं, पायांत मोजे, लंगोट, वरून आईचा पदर आणि गोधडी. उघडी असते ती फक्त आईला लागलेली बाजू. आईची छाती शेगडीसारखी नसते, ती बाळाच्या मानाने ऊब देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलंय की बाळ जन्मल्याबरोबर शक्य तितक्या लवकर हे सुरू करावं आणि दिवसातले ८ ते २४ तास करावं. त्यामागे जो मोठा अभ्यास होता तो २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता लगेच आईच्या छातीला दिलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. एक चतुर्थांश, ताई. मी ज्या वॉर्डात होते तिथे आम्ही बाळ ‘जरा सावरलं की’ आईकडे द्यायचो. आता वाटतं, आधी द्यायला हवं होतं.

आणि सासूबाईंनाच बाळ छातीला घेऊ द्या. आई थकली, जेवायला बसली, की आजीने घ्यावं, बापाने घ्यावं. एकदा आजीच्या छातीवर बाळ शांत झोपलं की त्या घरात पुढे कुणाला पटवावं लागत नाही.

नाशिकच्या एक वाचक : संकट आलं की कांगारू आई पिलाला शत्रूपुढे फेकते, असा व्हिडिओ पाहिला. फार वाईट वाटलं. अशी कशी आई?

फेकत नाही हो. पिशवीच्या तोंडाशी स्नायू असतो, बटव्याच्या नाडीसारखा. ती आवळली की पिशवी बंद, सैल सोडली की उघडी. कुत्रे मागे लागले, ती जिवाच्या आकांताने उड्या मारतेय, आणि पिशवीत चार-पाच किलोंचं पिलू आहे. अशा वेळी नाडी सैल होते आणि पिलू पडतं. हाताने उचलून कुणापुढे टाकणं त्यात नसतं. कधी ती नंतर परत येऊन पिलाला शोधते. एकदा आमच्या कुंपणाबाहेर एक मादी संध्याकाळभर एकाच चिंचोळ्या पट्ट्यात फिरत जिभेने टक टक करत होती. त्या आवाजाने माद्या पिलाला बोलावतात.

तिला दोष देऊ नका. मी दिला नाही.

पुण्याहून एक गृहस्थ : आम्ही दोघं मुलाकडे कॅनबेराला तीन महिने येतोय. रस्त्यात कांगारू दिसतात म्हणे. काय काळजी घ्यावी?

या, जरूर या. मुलाला सांगा, दिवस उगवताना आणि मावळताना गाडी हळू. कांगारू तेव्हाच चरायला बाहेर पडतात. एक रस्ता ओलांडून गेला की मागून दुसरा येणार असं धरूनच चालायचं. मैदानात दिसले तर लांबून बघा. पूर्ण वाढलेला नर माणसाएवढा उंच उभा राहतो; शेपटीवर भार देऊन दोन्ही पायांनी लाथ मारतो. खायला घालू नका, पाव तर मुळीच नको, त्याने त्यांच्या जबड्याला आणि पोटाला त्रास होतो.

धडक बसून मेलेली मादी रस्त्याकडेला दिसली, तर मात्र नुसते पुढे जाऊ नका. गाडी सुरक्षित जागी लावा आणि पिशवीत हालचाल आहे का बघा. आई मेली तरी पिशवीतलं पिलू काही तास, कधी जास्तही, जिवंत असतं. सड तोंडात असेल तर पिलू ओढू नका. ओढलं तर त्याचं तोंड फाटतं. तिथूनच वन्यजीव मदत संस्थेला फोन करा, त्या सांगतात तसं करा. मी राहते त्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९८५ पासून ‘वायर्स’ नावाची स्वयंसेवकांची संस्था आहे, इतरही आहेत. आम्ही अशा वेळी सडच कापतो आणि पिलाच्या तोंडात राहू देतो. तो नंतर आपोआप सुटतो. पिलू सुटं असेल तर स्वेटरमध्ये गुंडाळा, सदऱ्याच्या आत छातीशी धरा. अंधार, ऊब, शांतता. पाणी नको, दूध नको, फोटोसाठी सगळ्यांच्या हातात देणं नको. भीतीनेच या प्राण्याचे स्नायू आतून निकामी होतात आणि तो दोन-चार दिवसांनी दगावतो.

तुमच्या सौभाग्यवतींना सांगा, येताना दोन जुनी, धुवट सुती पातळं आणा. माझ्या पिलांच्या सगळ्या आतल्या पिशव्या पातळांच्या आहेत. इथलं नवं कापड इतकं मऊ लागत नाही.

सोलापूरहून : ‘कांगारू’ म्हणजे तिथल्या भाषेत ‘मला माहीत नाही’, खरं का?

नाही. १७७० साली कॅप्टन कुकचं जहाज दुरुस्तीसाठी ईशान्य किनाऱ्यावर थांबलं होतं, तिथल्या गूगू यिमिथिर लोकांच्या भाषेतला ‘गंगुरू’ हा शब्द आहे. एका प्रकारच्या मोठ्या कांगारूचं ते नाव. १९७० च्या दशकात जॉन हॅविलंड या भाषाशास्त्रज्ञाने त्याच लोकांत राहून ते पक्कं केलं. तो शब्द आजही त्यांच्या बोलण्यात आहे.

कोल्हापूरची पाचवीतली मुलगी : तुमचं पिलू मोठं झाल्यावर तुम्हाला सोडून जातं का? तुम्ही त्याला पाळत का नाही?

बाळा, पाळायला इथे कायद्याने परवानगी नाही, आणि ते बरोबर आहे. कांगारूला कळप लागतो. एकटं, माणसात वाढलेलं नर पिलू मोठं झालं की माणसालाच दुसरा नर समजून झुंजायला येतं. म्हणून मी एकटं पिलू कधीच वाढवत नाही, निदान दोन तरी एकत्र.

गेल्या वेळची एक सांगते. जुलै महिना, म्हणजे इथला हिवाळा, बाहेर दहिवर गोठून पांढरं झालेलं. सव्वा किलोची मादी आली, अंगावर नुकती लव. डाव्या कानाला खाच होती, काचेने कापलेली. पिशवीत २८ ते ३० अंश ऊब ठेवायची, दिवसातून पाच वेळा बाटली. प्रत्येक वेळी पिण्याआधी ओल्या बोळ्याने खालून पुसायचं, त्याशिवाय ती शू करत नाहीत. त्यांची आई हे जिभेने करते, पिशवीत डोकं घालून. आणि पाजताना मी जिभेने टक टक करायची, म्हणजे तिला कळायचं. दीड महिन्याने ती पहिल्यांदा जमिनीवर उभी राहिली, चार उड्या मारल्या, घाबरली आणि डोकं आधी घालून पिशवीत शिरली. आत जाऊन कोलांटी मारून तोंड वर केलं. हे त्यांना कुणी शिकवत नाही.

बाहेर जायला लागल्यावर तिला दुसऱ्या तीन पिलांबरोबर मोठ्या कुंपणात ठेवलं. दूध हळूहळू कमी केलं. दीड वर्षाची झाल्यावर एका संध्याकाळी फाटक उघडं ठेवलं. पहिले काही दिवस ती रात्री परत यायची, मग दोन दिवसांआड, मग येईनाशी झाली. मी फाटक महिनाभर लावलं नाही.

यंदा मार्चमध्ये कळप ओढ्याकडे चरत होता. त्यात डाव्या कानाला खाच असलेली एक मादी दिसली. पिशवी खाली लोंबत होती आणि तिच्यातून दोन लांब पाय आणि शेपटीचं टोक वर निघालेलं, आतलं पिलू उलटं झोपलं होतं. मी कुंपणापाशीच थांबले आणि टक टक केलं. तिचा एक कान माझ्याकडे वळला, दुसरा कळपाकडेच राहिला. ती चरत राहिली.